बी पेशीतला बिऱ्हाडकरू

भाचीचा ब्लड रिपोर्ट घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला आणि अर्ध्या तासात मला तीन फोन आले. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर राहते. दहा दिवस ताप, गिळताना डोळ्यांत पाणी यावं इतका दुखणारा घसा, टॉन्सिलवर पांढुरका थर, मानेच्या दोन्ही बाजूंना सुजलेल्या गाठी. रिपोर्टात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी निम्म्याहून जास्त आणि शेवटी एक ओळ: ‘अटिपिकल लिम्फोसाइट आढळतात’. मेहुण्यांनी ती ओळ गूगलवर टाकली, तिथं त्यांना ल्युकेमिया हा शब्द भेटला आणि त्या रात्री त्या घरात कुणी जेवलं नाही.

दोन दिवसांनी निदान झालं. ग्लँड्युलर फीवर. अमेरिकन पुस्तकांत यालाच इन्फेक्शस मोनोन्यूक्लिओसिस म्हणतात आणि तिथली कॉलेजची पोरं नुसतंच ‘मोनो’. कारण एपस्टाइन-बार विषाणू, थोडक्यात ईबीव्ही. धोका टळल्यावर मेहुण्यांनी मला शांतपणे विचारलं, “म्हणजे त्या वेड्यावाकड्या पेशींमध्ये व्हायरस शिरलाय, असंच ना?”

असं कुणालाही वाटेल. स्लाइडवर ज्या पेशी मोठ्या, फुगलेल्या, आकार बिघडलेल्या दिसतात, त्याच आजारी असणार. पण या आजारात ते खरं नाही. रिपोर्टात ज्यांचा बोलबाला होतो त्या पेशींमध्ये विषाणू बहुधा नसतोच. तो असतो दुसरीकडे, आणि तिथल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली अगदी साळसूद दिसतात.

मेहुण्यांना जी भीती वाटली ती शंभर वर्षांपूर्वी डॉक्टरांनाही वाटत होती. गाठी सुजवणाऱ्या या तापाचं वर्णन जर्मनीत एमिल फायफर यांनी १८८९ मध्ये केलं होतं, पण रक्तात काय घडतं हे तेव्हा माहीत नव्हतं. १९२० मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या स्प्रंट आणि एव्हान्स या दोघांनी सहा तरुण रुग्णांची हकीकत छापली. सहाही जणांचं रक्त पाहून ल्युकेमियाची शंका यावी, आणि सहाही जण आपोआप बरे झालेले. एकच केंद्रक असलेल्या पांढऱ्या पेशी रक्तात वाढतात म्हणून त्यांनी नाव दिलं मोनोन्यूक्लिओसिस. तीनच वर्षांनी डाउनी आणि मॅकिन्ले यांनी त्या पेशींचं बारकाईनं वर्णन केलं. आजही पॅथॉलॉजीचे विद्यार्थी त्यांना ‘डाउनी सेल’ म्हणून ओळखतात. अशा रीतीने आजाराला नाव मिळालं ते लागण झालेल्या पेशींवरून नव्हे, तर गर्दी करणाऱ्या पेशींवरून. माझ्या मते वैद्यकातल्या फसव्या नावांत या नावाचा नंबर बराच वर लागतो.

विषाणू सापडला तो दुसऱ्याच वाटेनं. युगांडात काम करणारे आयरिश सर्जन डेनिस बर्किट यांना तिथल्या लहान मुलांच्या जबड्यात झपाट्यानं वाढणाऱ्या गाठी दिसत होत्या. त्यावर २२ मार्च १९६१ रोजी लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलात त्यांचं व्याख्यान झालं. श्रोत्यांत अँथनी एपस्टाइन होते. हा कर्करोग विषाणूमुळे होत असावा असं त्यांच्या मनानं घेतलं आणि कंपालाहून विमानानं गाठींचे तुकडे लंडनला येऊ लागले. दोन वर्षं हाती काही लागलं नाही. डिसेंबर १९६३ मध्ये लंडनवर धुकं होतं, म्हणून नमुना आणणारं विमान मँचेस्टरला वळवलं गेलं. नमुना उशिरा पोचला, बाटलीतलं पाणी गढूळ झालेलं. जंतू झाले असणार, फेकून द्यावं, असंच कुणीही म्हणालं असतं. एपस्टाइन यांनी त्यातला थेंब आधी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. जंतू नव्हतेच, गाठीतून सुटलेल्या जिवंत पेशी मोकळ्या तरंगत होत्या. त्याच पेशी वाढवल्यावर १९६४ च्या फेब्रुवारीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात हर्पिसच्या घडणीचा विषाणू दिसला. मार्चमध्ये एपस्टाइन, बर्ट अचाँग आणि इव्हॉन बार यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. अचाँग मूळचे त्रिनिदादचे; विषाणूच्या नावात मात्र त्यांना जागा मिळाली नाही.

म्हणजे ईबीव्ही माणसाला पहिल्यांदा दिसला तोच एका लिम्फोसाइटमध्ये. गाठीतल्या त्या पेशी बी जातीच्या लिम्फोसाइट होत्या. पण लिम्फोसाइटांची बी आणि टी अशी विभागणी तेव्हा अजून रुळली नव्हती, त्यामुळे डोळ्यांसमोर असलेला पत्ता कुणाला वाचता आला नाही.

या विषाणूचा आणि ग्लँड्युलर फीवरचा संबंध लागला तो निव्वळ योगायोगानं. फिलाडेल्फियात वेर्नर आणि गेरट्रूड हेन्ले या दांपत्याच्या प्रयोगशाळेत या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं शोधण्याचं काम चालू होतं. तिथल्या एका तरुण तंत्रज्ञ मुलीच्या रक्तात ती नव्हती, म्हणून तिचं रक्त ‘कोरं’ रक्त म्हणून वापरलं जाई. तिच्या पांढऱ्या पेशी काचेच्या बशीत टिकतही नसत. १९६७ मध्ये तिला ग्लँड्युलर फीवर झाला. बरी होऊन कामावर आली तेव्हा तिच्या रक्तात प्रतिपिंडं भरपूर होती, आणि तिच्या पेशी बशीत वाढू लागल्या होत्या. त्या मरायचं नावच घेईनात. हेन्ले यांनी हा संबंध १९६८ मध्ये जाहीर केला. येल विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या रक्ताचे जुने नमुने राखून ठेवलेले होते. त्यांनीही तीच साक्ष दिली.

बशीत अमर झालेल्या त्या पेशी कोणत्या होत्या? बी पेशीच. या विषाणूचं सगळं बिंग त्यातच आहे.

माणसाला लागणारे हर्पिस कुळातले विषाणू आठ-नऊ. त्यांतला एक आपल्या घराघरांत ओळखीचा आहे: लहानपणी कांजिण्या देतो, मग पाठीच्या कण्यालगतच्या चेतापेशींत गुपचूप बसून राहतो आणि साठीच्या सुमाराला नागीण होऊन बाहेर पडतो. या कुळाची रीतच ती. एकदा घरात पाऊल टाकलं की मुक्काम जन्माचा, मुंबईतल्या पागडीच्या बिऱ्हाडकरूसारखा. फक्त कुणी कुठल्या पेशीत बिऱ्हाड करायचं हे ज्याचं त्याचं ठरलेलं. ईबीव्हीनं बी पेशी निवडल्या.

बी पेशी म्हणजे प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्यांच्या अंगावर सीडी-२१ नावाचं एक प्रथिन असतं. त्याचं मूळ काम वेगळंच, जंतूंवर चिकटलेले पूरक प्रथिनांचे तुकडे पकडायचं. ईबीव्हीच्या वेष्टणावरचं जीपी-३५० हे प्रथिन नेमकं त्यालाच येऊन धरतं. ही कडी १९८४ मध्ये उलगडली. कडी धरली म्हणजे दार उघडलं असं नाही. दार उघडायला विषाणूचं दुसरं प्रथिन, जीपी-४२, लागतं; ते बी पेशीवरच्या एचएलए वर्ग-दोन या प्रथिनात किल्लीसारखं बसतं. ही कडी आणि हे कुलूप एकाच दारावर असणं हे बी पेशीचं वैशिष्ट्य, आणि म्हणून विषाणूचा रोख तिच्यावर.

आत गेल्यावर विषाणू पेशी फोडत नाही. सर्दीचा किंवा पोलिओचा विषाणू पेशी लुटून, मोडून बाहेर पडतो. ईबीव्हीला संसार मांडायचा असतो. बी पेशीला वाढायची परवानगी मिळायला दोन सह्या लागतात: एक तिच्या अंगावरच्या ग्राहक-प्रथिनाची (रिसेप्टरची), समोर खरोखर परका जंतू आहे अशी; दुसरी मदतनीस टी पेशीची, हो, पुढे जा अशी. ईबीव्ही दोन्ही सह्या खोट्या करतो. एलएमपी-२ए हे त्याचं प्रथिन पहिल्या सहीची नक्कल, एलएमपी-१ दुसऱ्या सहीची. जंतू नाही, मदतनीस नाही, तरी कागदपत्रं चोख. पेशी वाढत सुटते, आणि प्रत्येक विभाजनाबरोबर विषाणूचा सुमारे १ लाख ७२ हजार अक्षरांचा जनुकसंच, छोटं वर्तुळ होऊन पेशीच्या गुणसूत्रांना चिकटून, पुढच्या पिढीत जातो. खोट्या सह्यांचा खेळ चालला की या बी पेशी नाही नाही ती प्रतिपिंडं ओतू लागतात. त्यांतली काही मेंढीच्या तांबड्या रक्तपेशींच्या गुठळ्या करतात. पॉल आणि बनेल यांना हे १९३२ मध्ये, विषाणूचा पत्ताही नसताना, ध्यानात आलं होतं, आणि अनेक लॅबमधली मोनोची झटपट चाचणी आजही त्याच तत्त्वावर चालते. लहान मुलांत ती बरेचदा चुकते, हे लक्षात ठेवावं.

एवढं सगळं घडतं ते टॉन्सिलमध्ये. टॉन्सिल म्हणजे घशाच्या तोंडाशी भरलेली बी पेशींची पेठ. तिच्या पृष्ठभागावरच्या खाचांत अस्तर इतकं विरळ असतं की लाळेतून आलेला विषाणू आणि आतल्या बी पेशी यांच्यात अंतर असं उरतच नाही. आणि विषाणू येतो लाळेतूनच. इंग्रजीत याला चुंबनाचा आजार म्हणतात. आपल्याकडे उष्ट्याचा म्हणायला हवा. आईनं जिभेला लावून पाहिलेला भात, एका पेल्यातलं पाणी, फ्रॉकच्या टोकात धरून चिमणीच्या दातांनी फोडलेली गोळी (ती उष्टी नाही, हा लहानपणीचा ठाम समज होता). यामुळेच भारतात बहुतेक मुलांना ईबीव्ही अगदी लहानपणी गाठतो आणि घरच्यांना तो साधा सर्दी-ताप वाटतो. जगातल्या प्रौढांपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोक त्याचे वाहक आहेत; हा लेख वाचणारे जवळजवळ सगळेच. ज्यांची गाठ तारुण्यात पडते, त्यांना ग्लँड्युलर फीवर होण्याचा संभव जास्त. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात, आधी कधीच लागण न झालेल्या १४३ विद्यार्थ्यांवर कॉलेजची वर्षं नजर ठेवली तेव्हा ६६ जणांना लागण झाली, आणि त्यांतल्या तीन चतुर्थांशांहून अधिक मुलांना पुरता मोनो झाला.

आता वादाच्या मुद्द्याकडे. घशातल्या अस्तरपेशींना, म्हणजे ज्या पेशींनी तोंड आणि घसा आतून मढवलेला असतो त्यांना, या आजारात लागण होते की नाही? अनेक वर्षं पुस्तकांत सरळ लिहिलेलं असे: विषाणू आधी अस्तरपेशीत वाढतो, मग बी पेशींत उतरतो. १९८४ मध्ये मोनोच्या रुग्णांच्या घशातून सुटलेल्या अस्तरपेशींत विषाणूचा डीएनए सापडल्याचं प्रसिद्ध झालं आणि हे चित्र पक्कं झालं. एड्सच्या रुग्णांत जिभेच्या कडेला उठणाऱ्या पांढऱ्या केसाळ चट्ट्यात ईबीव्ही अस्तरपेशींतच भरभरून वाढताना दिसला. नाक-घशाच्या मागच्या भागाचा जो कर्करोग दक्षिण चीनमध्ये आणि आपल्याकडे नागालँडमध्ये जास्त दिसतो, त्याच्या अस्तरपेशींतही हा विषाणू असतो. पुरावा भक्कम वाटावा असाच.

पण १९९० च्या दशकात युरोपातल्या काही पॅथॉलॉजिस्टांनी मोनोच्या ऐन भरात काढलेली टॉन्सिलं तपासली. त्यांच्या हाती नवं साधन होतं. ईबीव्हीची लागण झालेल्या पेशीत ईबर नावाचे छोटे आरएनए लाखोंच्या संख्येनं असतात; त्यांना रंग चढवला की पेशी काळ्या ठिपक्यासारखी उठून दिसते. ठिपके खूप दिसले, पण ते बी पेशींत. क्वचित एखादी टी पेशी. अस्तर कोरंच.

त्याहून बोलकी साक्ष दिली ती दोन प्रकारच्या रुग्णांनी. काही मुलग्यांत एका जनुकाच्या दोषामुळे परिपक्व बी पेशी तयारच होत नाहीत. त्यांचा घसा, त्यांचं अस्तर तुमच्या-माझ्यासारखंच असतं. १९९९ मध्ये अशा रुग्णांची तपासणी झाली, त्यांच्यात ईबीव्हीचा मागमूस सापडला नाही. बी पेशी नाहीत तर बिऱ्हाड नाही. दुसरे रुग्ण म्हणजे अस्थिमज्जा बदललेले. जुनी मज्जा नष्ट करून दात्याची घातल्यावर त्यांच्यातल्या एकाचा जुना ईबीव्ही नाहीसा होऊन पुढे दात्याच्या जातीचा ईबीव्ही सापडला, हे १९८८ मध्ये छापून आलं. घशाचं अस्तर तर जुनंच होतं. विषाणूचं कायमचं घर तिथं असतं, तर तो असा गेला नसता.

मग अस्तरपेशीचा काहीच हात नाही? मला तसं वाटत नाही. २००२ मध्ये कोरिना बोर्झा आणि लिंडसी हट-फ्लेचर यांनी एक सुरेख गोष्ट दाखवली. बी पेशीत तयार झालेल्या विषाणूच्या अंगावर जीपी-४२ कमी असतं, कारण ते पेशीतल्याच एचएलए वर्ग-दोनला चिकटतं आणि मागे राहतं. असा विषाणू बी पेशीत कमी, अस्तरपेशीत सहज शिरतो. अस्तरपेशीत एचएलए वर्ग-दोन नसल्यामुळे तिथून निघणाऱ्या विषाणूवर जीपी-४२ भरपूर, म्हणून तो बी पेशीकडे धावतो. सासरहून निघताना माहेरची किल्ली कनवटीला, माहेरहून निघताना सासरची. निसर्गात अशी जोडकिल्ली उगाच टिकत नाही. शिवाय निरोगी वाहकांच्या लाळेत महिनोन्‌महिने विषाणू इतका पडत असतो की मोजक्या बी पेशींतून तेवढा येणं अवघड. बाहेर पडताना तो अस्तरपेशींत संख्या वाढवून घेत असावा, असं लाळेची गणितं मांडणाऱ्यांचं म्हणणं. थोडक्यात, बी पेशी हे राहतं घर आणि अस्तर हा फार तर जाण्यायेण्याचा जिना.

बी पेशींतही कोणत्या? बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातले डेव्हिड थॉर्ले-लॉसन यांनी आयुष्य याच प्रश्नात घातलं. त्यांच्या मते विषाणू शिरतो कोऱ्या, अननुभवी बी पेशीत. खोट्या सह्यांच्या जोरावर तिला बढती मिळवून देतो आणि ती स्मृतिपेशी (जुन्या जंतूची आठवण ठेवणारी पेशी) झाली की स्वतःची सगळी प्रथिनं बंद करून गप्प बसतो. स्मृतिपेशी वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून ही जागा. जर्मनीतल्या काही संशोधकांना रुग्णांच्या टॉन्सिलमध्ये अनुभवी बी पेशींतच थेट लागण झालेली दिसली, त्यामुळे बढतीची ही कथा सर्वमान्य नाही. मुक्कामाच्या पत्त्याबद्दल मात्र दुमत नाही. थॉर्ले-लॉसन यांच्या गटानं २००४ मध्ये मोजलं तेव्हा आजाराच्या भरात काही रुग्णांच्या रक्तातल्या निम्म्यापर्यंत स्मृति-बी पेशींत विषाणू आढळला. निम्म्या! आणि त्या सगळ्या निवांत, विभाजन न होणाऱ्या, स्लाइडवर चारचौघींसारख्या. आजार सरल्यावर हा आकडा दर दहा लाख बी पेशींत एक ते पन्नास इतका खाली येतो आणि जन्मभर तिथंच राहतो.

आणि रिपोर्टातल्या त्या वेड्यावाकड्या पेशी? त्या टी पेशी, मुख्यतः सीडी-८ जातीच्या, लागण झालेल्या बी पेशींना मारायला निघालेल्या. १९९८ मध्ये काही रुग्णांत असं दिसलं की एकूण सीडी-८ पेशींपैकी ४० टक्क्यांच्या आसपास पेशी विषाणूच्या एकाच तुकड्याला ओळखणाऱ्या होत्या. अंगावरच्या जबाबदारीनं फुगलेल्या, घाईनं वाढलेल्या या पेशी डाउनींना विचित्र दिसल्या, लॅबवाल्यांना अटिपिकल दिसतात आणि गूगलला ल्युकेमियासारख्या. लागण झाल्यापासून चार ते सहा आठवडे माणसाला काही कळत नाही, कारण विषाणू तेव्हा नुसता पसरत असतो. ही फौज उठते त्या दिवशी ताप येतो. मानेच्या गाठी, सुजलेली प्लीहा, बिघडलेलं यकृताचं गणित, महिनाभराचा थकवा, यांतलं बरंच काही तिच्या धुमश्चक्रीचं आहे. खुद्द टी पेशींत किंवा एनके (नॅचरल किलर) पेशींत ईबीव्ही घर करतो असा एक दुर्मीळ आणि जिवावरचा आजार आहे, तो जपान, तैवानसारख्या पूर्व आशियाई देशांत जास्त दिसतो. पण तो साध्या मोनोच्या गोष्टीत येत नाही.

विषाणू कुठं बसलाय हे कळलं की औषधाचंही कळतं. हर्पिसवर चालणारं असायक्लोव्हिर विषाणू आपल्या प्रती काढत असतो तेव्हाच त्याला अडवतं. मोनोत ते दिलं तर लाळेतला विषाणू घटतो, रुग्णाला मात्र फरक पडत नाही. बी पेशींत गप्प बसलेला विषाणू प्रती काढतच नाही. पेशी विभागली की तिच्या यंत्रणेवर फुकटात वाढतो. औषधानं पकडायचं काय?

भाचीला निदानाआधी हॉस्टेलजवळच्या एका दवाखान्यात अमॉक्सिसिलिन दिलं होतं. चौथ्या दिवशी अंगभर लाल पुरळ उठलं आणि घरात नवी धांदल. मोनोत ॲम्पिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन दिलं की असं पुरळ उठू शकतं, हे साठच्या दशकापासून ठाऊक आहे. ते उठलं म्हणून पेनिसिलिनची कायमची ॲलर्जी ठरत नाही. तेव्हा ताप, घसा आणि मानेच्या गाठी एकत्र आल्या तर घरातली उरलेली प्रतिजैविकं काढून देऊ नका, आधी रक्त तपासा. रिपोर्टात अटिपिकल लिम्फोसाइट दिसले तर गूगलऐवजी डॉक्टरांना विचारा. गाठी महिना उलटूनही कमी झाल्या नाहीत तर पुन्हा दाखवा. आणि प्लीहा सुजलेली असते, धक्क्यानं ती फुटू शकते, म्हणून मुलांना कितीही बरं वाटत असलं तरी किमान तीन-चार आठवडे, आणि पुढेही डॉक्टर हो म्हणेपर्यंत, कबड्डी, फुटबॉल, कुस्ती बंद.